पिंप्राळ्याचा राजा भानुवर्मा

नातीच्या शाळेचं गॅदरिंग होतं म्हणून परवा धुळ्याला गेले होते. मुलगा नोकरीनिमित्त तिथं राहतो. नातीला कोळ्याच्या नाचात मिशी लावायची होती आणि ती कुणालाच हात लावू देईना, म्हणून मला मागं रंगपटात बोलावलं. मुलांचा गलका, पावडरीचे ढग, कुणाचं तरी एक घुंगरू हरवलेलं. मेकअपवाल्यानं एका लहानशा बाटलीचं झाकण उघडलं आणि तो वास आला. मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा. गोडसर, नाकात झोंबणारा, थोडासा दवाखान्यासारखा. नातीच्या ओठावर ब्रश फिरला, ती म्हणाली, "आजी, थंड लागतंय," आणि मी तिचा हात धरून उभी असूनही तिथं उरले नाही.

गॅदरिंगचं नाट्यगृह तेच, माझ्या जुन्या ओळखीचं. खुर्च्या बदलल्यात, पडद्याचा रंग बदललाय, वरती मोठाले पंखे आलेत. पण विंगेतली ती अरुंद पायरी, जिथं अंधारात प्रत्येकाचा पाय अडखळतो, ती कुणी दुरुस्त केलेली नाही. त्या पायरीवर उभं राहून मी एका राजाला पडताना पाहिलं होतं. राजाचं नाव भानुवर्मा. तो पिंप्राळ्यात राहायचा, आमच्याच गल्लीत, आणि त्याला सगळे निर्मलाअक्का म्हणायचे.

मी मूळची रावेरची. केळीच्या बागांत वाढलेली. लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आले, तेव्हा मला पहिल्यांदा काय खुपलं असेल तर गल्लीतली शांतता. माहेरी पहाटेपासून ट्रॅक्टर, घड मोजणाऱ्यांच्या हाका, ओल्या पानांची सळसळ. इथं एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, आणि दुपारी फक्त कुणाच्या तरी शिलाई मशीनचा आवाज. नळाला पाणी यायचं त्याची वेळ ठरलेली नसायची. ज्या घरी आधी येईल त्या घरानं गल्लीला सांगायचं, असा रिवाज होता. एकदा आमच्याकडं आधी आलं. मी फाटकात जाऊन माहेरच्यासारखी मोकळ्या गळ्यानं ओरडले, "पाणी आलं होऽऽ!"

समोरून एक उंच बाई हातात बादली घेऊन आली. माझ्या सासूपेक्षा थोडी लहान, रुंद खांदे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बादली खाली ठेवून म्हणाली, "कोपऱ्यातल्या घरातली नवी सून ना तू? परत ओरड."

"काय?"

"तेच ओरड. पण असं समज, पाणी नाही आलं, शत्रू आलाय. किल्ल्याच्या दारापर्यंत आलाय आणि हे तुला राजाला सांगायचंय."

मला हसू आलं. ती हसली नाही. मग मी ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. अक्का म्हणाली, "झालं. दूत मिळाला," आणि बादली नळाखाली सारली.

नाटक सापडलं होतं किराणा दुकानाच्या रद्दीत. दुकान कंचनभाभीच्या घरचं. ही माणसं राजस्थानातून आलेली, जैन, पिढ्यान् पिढ्या इथं व्यापार करणारी. भाभी मात्र लग्नानंतर तिकडून आलेली. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत एक जुनं, पिवळं पडलेलं पाच अंकी नाटक होतं. त्याची सुरुवातीची पानं कुणाच्या तरी जिऱ्या-मोहरीबरोबर घरोघरी गेली होती. त्यामुळं लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच कळलं नाही. भाभीनं उरलेलं बाड अक्काला आणून दिलं. "तुम्हाला शौक आहे ना," एवढंच म्हणाली.

भानुवर्मा हा सेनापती. राज्य वाचवतो आणि मग ज्याच्यासाठी वाचवलं त्यालाच बाजूला सारून स्वतः सिंहासनावर बसतो. बसल्यावर एकेकाला दूर करत जातो. म्हाताऱ्या प्रधानाचा भर दरबारात अपमान करून त्याला हाकलतो. शेवटी शत्रू दाराशी येतो तेव्हा किल्ल्यात तो एकटा, आणि परत आलेला तो प्रधान. एवढीच गोष्ट. पण त्यातली भाषा अशी, की वाचताना आपलं आपणच ताठ बसावं.

अक्का धरणगावची. तिचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांना हाक मारावी लागायची. "केसात कापूस आणि घशात कापूस," ती सांगायची, "तरी हाक त्या टोकाला गेली पाहिजे." शाळेत उंचीमुळं तिला कायम पुरुषाचं काम मिळायचं. नववीत असताना तिनं वडिलांना सांगितलं होतं, "माले राजा व्हनं शे." वडील खूप हसले. पुढं लग्न झालं, रेल्वेतला शांत नवरा मिळाला, दोन मुलं झाली. राजा व्हायचं तेवढं राहून गेलं.

तालमी भाभीच्या गच्चीवर व्हायच्या. भाभी सूर्यास्ताआधी जेवून घ्यायची आणि आमच्या आधी गच्ची झाडून ठेवायची. एका बाजूला पापड वाळत घातलेले, दोरीवर साड्या, खालून दुकानातल्या हिंगाचा आणि गुळाचा वास वर चढत असायचा. अक्का राजा, भाभी प्रधान, मी दूत. राणी, दरबारी, सैनिक सगळ्या गल्लीतल्याच. माझ्या सासूनं परवानगी दिली ती अशी: "देवीपुढं करायचंय तर करा. पण सुनेनं भर गल्लीत पळायचं नाही." दुताला तर पळतच यावं लागतं. मग मी गच्चीच्या जिन्यात पळायचा सराव करायची.

भाभीचं मराठी गोड होतं आणि वेगळं होतं. तिच्या तोंडी 'जरा'चं 'ज्यरा' व्हायचं, 'चार'चं 'च्यार'. सेना 'आला' आणि दरबार 'आली'. अक्का दुरुस्त करायची, भाभी पुन्हा म्हणायची, पुन्हा तेच. दोघीही थकायच्या नाहीत. प्रधानाचं शेवटचं वाक्य होतं, "महाराज, मी माझी जागा सोडलेली नाही." ते ती 'ज्यागा' म्हणायची. पण ती ते इतकं सावकाश, इतकं मनापासून म्हणायची की सैनिकांच्या घोळक्यात कुणीतरी हमखास नाक पुसायचं.

नवरात्रात गल्लीच्या मांडवात पहिला प्रयोग झाला. अक्का मिशी लावून आली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं बाई, निर्मलाच्या घरात आता दोन नवरे!" असं कुणीतरी म्हणालं, त्यावर आणखी हसणं झालं. अक्का थांबली. हसू विरेपर्यंत नुसती उभी राहिली. मग इतक्या हळू आवाजात बोलायला लागली, की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. थोड्या वेळानं मांडवात लहान मुलंसुद्धा रडेनाशी झाली. शेवटी भानुवर्मा पडला तेव्हा एक म्हातारी उठून देवीकडं तोंड करून म्हणाली, "वाईट होता गं, पण आपलाच होता."

सगळं आवरल्यावर मी खोबरेल तेल घेऊन अक्काकडं गेले. ती मांडवाच्या बाजूला ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "अक्का, मिशी काढू?"

"थांब गं थोडं," ती म्हणाली. "आत्ता तर बसलेय."

तिच्या डोळ्यांत मी तेव्हा जे पाहिलं त्याला लोक पुढं हाव म्हणाले. मला ते भुकेसारखं वाटलं होतं. पोटभर जेवायला बसलेलं माणूस पहिल्या घासाला जसं दिसतं, तसं.

दिवाळीनंतर हवा बदलली. खानदेशातली थंडी फार दिवस टिकत नाही, पण असते तेवढी खरी असते. सकाळी केळीचे ट्रक धुक्यातून दिवे लावून जायचे. संध्याकाळी कुठं ना कुठं भरिताची वांगी भाजली जायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुराचा तो वास अंगावरच्या शालीत आठवडाभर राहायचा. आम्हीही भाभीच्या गच्चीवर भरीत केलं. भाभी वांगं खायची नाही, पण तिनंच हौसेनं दही लावून ठेवलं होतं, पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. आम्ही जेवत होतो आणि ती कठड्याला टेकून आम्हाला वाढायला सांगत होती, "हिला द्या, ती लाजते."

त्याच दिवशी अक्कानं सांगितलं, की धुळ्याला महिला मंडळांची नाट्यस्पर्धा आहे. खरं नाट्यगृह, खरा पडदा, परीक्षक. आपण जायचं. सगळ्या ओरडल्या. भाभीनं तर टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर अक्का बदलली. एकदम नाही. आधी तिनं राणीचं गाणं कापलं, कारण त्यानं राजाचा प्रवेश लांबतो. मग सैनिक कमी केले, कारण ते हसतात. हळदीकुंकवामुळं कुणी तालमीला उशिरा आलं तर ती नाटकातल्याच आवाजात विचारायची, "राज्य मोठं की वाण मोठं?" काही जणी गमतीनं घ्यायच्या, काही जणी दुसऱ्या दिवशी यायच्या नाहीत. मला मात्र तिचा राग येत नसे. तालमीत ती मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची, आणि घरी भांडी घासताना माझ्या लक्षात यायचं, की लग्न झाल्यापासून माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ. गच्चीवर भाभी प्रधानाची शाल पांघरून तयार उभी होती. बाकीच्या अजून यायच्या होत्या. अक्का कठड्याशी गेली आणि म्हणाली, "भाभी, धुळ्याला परीक्षक असणार."

"हो ना."

"ते शब्द शब्द ऐकतात. तुमचं मराठी..."

"माझं मराठी काय झालं?"

"काही नाही झालं. आपल्याला कळतं. पण तिथं लोक हसतील."

"नवरात्रात तर कुणी नाही हसलं."

"ते आपले होते, भाभी."

भाभीनं खांद्यावरची शाल काढली, कठड्यावर पसरून तिची नीट घडी घातली. मी जिन्याच्या तोंडाशी होते, मला वर जावं की खाली उतरावं कळेना. भाभी म्हणाली, "हिला इस्त्री करून ठेवते. नव्या प्रधानाला लागेल." मग थोडं थांबून, "गच्ची तर तुमचीच आहे. तालीम इथंच करा."

पण अक्कानं तालमी शाळेच्या खोलीत हलवल्या. तिला ती गच्ची सोसवली नसावी.

नवा प्रधान म्हणजे मनीषा, जळगावातल्या एका नाट्यमंडळात काम केलेली पदवीधर मुलगी. तिचे उच्चार लख्ख होते. 'जागा' तर असा म्हणायची की वाटावं, शब्द आत्ताच धुऊन वाळत घातलाय. पण ती प्रधान म्हणून आली की गुडघ्यावर बसतानाही आधी साडी सावरायची. अक्का तिच्यावर चिडायची, आणि आम्ही उरलेल्या गप्प बसायचो.

किराणा आणायला मी भाभीच्या दुकानात जायची. एकदा ती पाठमोरी बसून डाळ निवडत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र असेल. जवळ गेले तर प्रधानाचा शेवटचा अंक. मला पाहून ओशाळली. "सवय लागली," म्हणाली. "डाळ हातात आली की आपोआप येतं." पुडी बांधताना तिनं मला विचारलं, "तो नवा प्रधान शेवटी येतो तेव्हा पळत येतो की चालत?" मी म्हटलं, चालत. भाभी म्हणाली, "चालतच यायला पाहिजे. म्हातारा आहे तो."

स्पर्धेचा दिवस होळीच्या थोडा आधीचा. आम्ही मिनीबसनं निघालो. एरंडोल, पारोळा, मध्ये मध्ये पळस लाल झालेला, शेतं रिकामी, आणि ऊन नुकतंच टोचायला लागलेलं. डब्यांत पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. नवरात्रातल्यापैकी निम्म्या जणीही आता उरल्या नव्हत्या. अक्का ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून खिडकीतून बघत होती. पारोळ्याला सगळ्या चहाला उतरल्या तेव्हा ती उतरली नाही. मी तिचा चहा वर घेऊन गेले. तिनं कप घेतला आणि म्हणाली, "माझे वडील असते तर त्यांना आज आणलं असतं." एवढंच. मग पुन्हा खिडकी.

आमचा प्रयोग दुपारचा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं स्टेज पाहिलं. फळ्यांवर पाय पडला की पोकळ आवाज यायचा, दिव्यांच्या उष्णतेनं चेहऱ्यावरचा रंग वितळल्यासारखा वाटायचा, आणि समोर माणसं नाहीत, नुसता श्वास घेणारा अंधार. अक्का आत आली. मी विंगेतून पाहत होते. मी तेव्हाही सांगितलं असतं आणि आजही सांगते, नंतर मी पुष्कळ नाटकं पाहिली, नावाजलेले नट पाहिले, पण सिंहासनावर बसण्याआधी त्याच्या हातावरून असा हात फिरवणारा राजा पुन्हा पाहिला नाही. जणू ते तापलेलं आहे आणि तरी तिला त्यावर बसायचंच आहे.

तिसऱ्या अंकात मनीषा थोडी उशिरा आली. फार नाही, अक्काला एक वाक्य लांबवावं लागलं इतकंच. त्या अंकानंतर रंगपटात अक्का तिच्यावर तुटून पडली.

"तुझे शब्द स्वच्छ आहेत, पण आत काही नाही. रिकामं मडकं आहेस तू."

मनीषानं दाढीला हात घातला. "मग तुम्हीच करा ना सगळं."

"करीन. मी एकटी उभी राहिले तरी नाटक होईल!"

मनीषानं दाढी काढली, आरशाजवळ ठेवली आणि बाहेर गेली. आम्हाला वाटलं, डोळे पुसून येईल. चौथ्या अंकात प्रधानाला काम नव्हतं. त्यामुळं ती परत आली नाही हे कळायला उशीर झाला. माझा दूत त्याच अंकात बातमी सांगून राजाच्या पायाशी मरायचा. मी मेले, मला ओढत आत नेलं, आणि मी उठून त्या अरुंद पायरीवर उभी राहिले, शेवट पाहायला.

शेवटचा अंक. भानुवर्मा एकटा. बाहेर शत्रूचे नगारे. त्यानं हाक मारली, "प्रधानजी!"

कुणी आलं नाही. प्रॉम्प्टर बाईनं दोन्ही हात हलवून आम्हाला विचारलं, कुठाय? एकीनं मला ढकललं, "तू जा." मी म्हटलं, "मी मेलेय ना आत्ता त्यांच्यासमोर."

अक्कानं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज वेगळा होता. "प्रधानजी! कोणी आहे का?"

नगारे थांबले. आणि सभागृहातून, मागच्या रांगांतून, सावकाश, एक एक शब्द ठेवत उत्तर आलं, "महाराज, मी माझी ज्यागा सोडलेली नाही."

भाभीची नणंद धुळ्यात राहायची. तिच्याकडं म्हणून भाभी एसटीनं आली होती, आणि कुणाला न सांगता मागं बसली होती. आता ती उभी होती. क्षणभर सगळं सभागृह वळून तिच्याकडं पाहत राहिलं, आणि त्या क्षणात मला वाटलं, आता अक्का हात पुढं करेल, भाभी चालत वर येईल, म्हाताऱ्यासारखी, आणि नाटक जे असायचं ते होईल. तेवढ्यात कुणीतरी हसलं. 'ज्यागा' म्हणून कुणीतरी नक्कल केली. मग हसू रांगारांगांतून धावत पुढं आलं.

अक्का स्टेजच्या कडेपर्यंत गेली. मला तिची पाठ दिसत होती. तिचा हात तलवारीच्या मुठीवर होता. "गप बसा!" ती ओरडली. "नाटक चाललंय इथं. गप बसा!" तो भानुवर्म्याचा आवाज नव्हता. पिंप्राळ्याच्या गल्लीतला होता. मग तर लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. कुणीतरी पडदा पाडला.

रंगपटात भाभी आली तेव्हा सगळ्या बाया बाजूला झाल्या. अक्का आरशासमोर बसली होती. अर्धी मिशी सुटून लोंबत होती. तिनं आरशातूनच विचारलं, "तुम्ही कशाला आलात?"

भाभी दारातच थांबली. म्हणाली, "तुम्ही बोलावलं. दोन वेळा बोलावलं."

अक्कानं मान खाली घातली. भाभी नणंदेकडं निघून गेली.

परतताना सूर्य मावळत होता, कापसाच्या गाड्यांमधून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले दिसत होते. अक्कानं राजाचा अंगरखा काढलाच नव्हता. एरंडोल मागं पडल्यावर ती माझ्याकडं वळली आणि माहेरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाली, "बठ्ठं गयं, पोरी." सगळं गेलं. मी तिचा हात धरला. त्या हाताला अजून रंग होता. तो माझ्या हाताला लागला.

पुढं गल्लीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. चढली होती, पडली. भाभीनं लाज राखायला उत्तर दिलं, तर हिनं तिलाच भर सभेत गप बसवलं. अक्का हळदीकुंकवाला येईनाशी झाली. पाणी आलं की तिचा नवरा बादल्या भरायचा. भाभीच्या गच्चीवर पुन्हा पापड आणि साड्या वाळायला लागल्या, नाटकाचं नाव कुणी काढलं नाही. थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. गल्ली सुटली. नंतर कधीतरी फोनवर कळलं, की अक्काच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मी फोन ठेवला. दुसरं काहीही गेलं असतं तर चाललं असतं, असं काहीतरी मनात येत होतं.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटलं, मी जळगावला जाऊन येते.

पिंप्राळा ओळखू येत नाही आता. मजले चढलेत, गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान आहे, रिक्षावाल्याला जुन्या खुणा कळत नाहीत. अक्काचं घर मात्र बुटकंच राहिलंय. मी फाटक उघडलं तेव्हा ओट्यावर दोघी बसल्या होत्या. अक्का खुर्चीत, अजून ताठ, केस पांढरेशुभ्र. शेजारी पाटावर कंचनभाभी. भाजीवाला हातगाडी घेऊन चालला होता. अक्कानं भाभीकडं पाहून काहीतरी कुजबुजलं, वाऱ्यानं पान हलावं तेवढंच, आणि भाभीनं खणखणीत आवाज टाकला, "ओ भाऊ, मेथी कशी दिली? आणि कालची पिवळी निघाली होती, असं अक्का सांगते!"

अक्का मान डोलावत होती. भाव ठरला. मेथी आली. मग दोघींनी मला ओळखलं.

भाभीनं चहा केला. मी विचारलं, तुमचं बोलणं कधी सुरू झालं? भाभी हसली. "दवाखान्यात. मी गेले, बसले. हिला बोलता येत नव्हतं, म्हणून भांडणही नाही झालं. मग रोजच जायला लागले." अक्कानं तिच्या मांडीवर चापट मारली.

मी धुळ्याचं सांगितलं. अक्का पुढं झुकली. तिचं ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. खुर्च्या बदलल्या का? पडदा हातानं ओढतात की बटणावर? फळ्या अजून वाजतात का? मी सगळं सांगितलं. तिचे डोळे तसेच होते. पहिल्या घासासारखे.

भाभी कप विसळायला आत गेली. अक्कानं माझं मनगट धरलं आणि थांबत थांबत, धाप घेत सांगितलं.

"तुला एक सांगते. सगळ्यांना वाटतं मी हिला गप बसवलं. तसं नव्हतं. मी त्या लोकांना म्हटलं. हसत होते ना हिला. त्यांना म्हटलं, गप बसा. राजा होते मी. माझ्या प्रधानाला हसतात म्हणजे काय?"

तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "हो, अक्का." ती समाधानानं मागं टेकली.

निघताना भाभी मला फाटकापर्यंत सोडायला आली. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "भाभी, इतकी वर्षं आम्हाला माहीतच नव्हतं. अक्का त्या हसणाऱ्यांना बोलली होती."

भाभीनं ओट्याकडं एकदा पाहिलं. अक्का मेथीची जुडी सोडत होती.

"तू विंगेत होतीस," भाभी म्हणाली. "तुला पाठ दिसली असेल. मला चेहरा दिसला. माझ्याकडेच बघत होती ती. मलाच म्हणाली."

"मग तुम्ही तिला कधी..."

"कशाला?" भाभीनं फाटकाची कडी हातात धरली होती. "पुष्कळ वर्षं ती त्या दिवसाचं बोललीच नाही. मग एकदा बोलली, ती असंच बोलली. तिला तसंच आठवतं आता. तेवढं असू दे तिच्याकडे."

ओट्यावरून अक्कानं चमचा वाटीवर वाजवून हाक मारली. "आले हो," म्हणत भाभी वळली, आणि सावकाश चालत अक्काकडं गेली.